पडद्यावरचे पाठ, हातातली विद्या आणि घरातली जागा

‘हा डॉक्टर कोविडच्या काळात शिकलेला तर नाही ना?’ हा प्रश्न अलीकडे दवाखान्यांच्या बाकांवर, लग्नकार्यांतील गप्पांत, इतकेच नव्हे तर मुला-मुलींची स्थळे पाहतानाही कानावर पडतो. विचारणारा बहुधा हसत हसत विचारतो; परंतु त्या हसण्याआड एक खरी शंका दडलेली असते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत ज्यांनी वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, फिजिओथेरपी, आयुर्वेद, होमिओपॅथी अशा शाखांचे धडे मोबाइलच्या पडद्यावर गिरवले, तीच मुले आता आपल्या आसपासच्या रुग्णालयांत रक्तदाब मोजत आहेत, टाके घालीत आहेत, आपल्या वयस्कर आईवडिलांचे गुडघे हलवून पाहत आहेत. त्यामुळे ही शंका अगदीच निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. मात्र तिचे उत्तर शोधताना आपण सर्वांत जवळच्या साक्षीदाराला विचारायचेच विसरतो. तो साक्षीदार म्हणजे स्वतः विद्यार्थी.

जगभरातील आरोग्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्या काळात या शिक्षणाविषयी अनेकदा विचारण्यात आले, आणि त्यांनी मोकळेपणाने उत्तरेही दिली. बँकेच्या नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला जमेची आणि नावेची बाजू वेगवेगळी मांडण्याची सवय असते. त्या सवयीने ही उत्तरे वाचली असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. विद्यार्थ्यांनी ऑनलाइन शिक्षणाचा जयजयकार केला नाही, तसा त्याला सरसकट बोलही लावला नाही. काय पोहोचले, काय पोहोचले नाही आणि का पोहोचले नाही, याचा नेमका हिशेब त्यांनी मांडला. त्या हिशेबात एक नोंद तुमच्या-माझ्या घराच्या नावावरही आहे. तिच्याकडे येण्यापूर्वी त्या दिवसांची थोडी उजळणी करू.

वर्ग बंद झाले तो काळ

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महामारी असल्याचे जाहीर केले आणि २५ मार्चपासून आपल्या देशात टाळेबंदी सुरू झाली. महाविद्यालये बंद झाली, वसतिगृहे रिकामी झाली. पुस्तके आणि कपडे खोलीतच ठेवून, पंधरा दिवसांत परत येऊ अशा समजुतीने कित्येक मुले घरी निघाली. प्रत्यक्षात त्यांचे परतणे कित्येक महिने लांबले.

महाराष्ट्रात आरोग्यविद्येच्या बहुतेक सर्व शाखांची महाविद्यालये नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या छत्राखाली अॅलोपॅथीपासून आयुर्वेदापर्यंत आणि दंतवैद्यकापासून परिचर्येपर्यंतचे विद्यार्थी येतात. कोल्हापूरच्या वाड्यात, लातूरजवळच्या खेड्यात, मुंबईच्या चाळीत अशी ही सारी मुले विखुरली आणि जो तो आपापल्या पडद्यासमोर बसला.

यातही एक विचित्र योग असा की, एमबीबीएसचा नवा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम २०१९ च्या तुकडीपासूनच लागू झाला होता. विद्यार्थ्याला किती माहिती आहे यापेक्षा त्याला काय करता येते, यावर या अभ्यासक्रमाचा भर होता. पहिल्या वर्षापासून रुग्णाशी ओळख व्हावी, संवाद आणि नीतिमूल्ये यांचेही रीतसर शिक्षण मिळावे, अशी त्याची रचना होती. शव हा विद्यार्थ्याचा पहिला शिक्षक, हा विषयही त्यात स्वतंत्र पाठ म्हणून समाविष्ट आहे. ज्या तुकडीला सर्वाधिक ‘हाताने’ शिकायचे होते, तिलाच पहिल्या वर्षाच्या मध्यावर शवविच्छेदनाची दालने आणि वॉर्ड सोडून घरी जावे लागले.

जमेची बाजू

प्रथम जे मिळाले ते पाहू. पोलंडमधील ८०४ वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाहणीत ६९ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास-साहित्य केव्हाही उपलब्ध असणे हा ऑनलाइन शिक्षणाचा लाभ सांगितला, तर ६४ टक्क्यांना आपापल्या गतीने शिकता येणे महत्त्वाचे वाटले. ब्रिटनमधील ३९ वैद्यकीय महाविद्यालयांच्या २,७२१ विद्यार्थ्यांना मे २०२० मध्ये प्रश्न विचारण्यात आले, तेव्हा त्यांनीही वेळेची लवचीकता हाच सर्वांत मोठा फायदा म्हणून नोंदवला.

आपल्याकडील मुलांशी बोलतानाही हेच ऐकू येते. माझ्या नात्यातील एक मुलगा मराठी माध्यमातून बारावी होऊन वैद्यकीय महाविद्यालयात गेला. वर्गात इंग्रजी व्याख्यानाचा वेग त्याला झेपत नसे आणि दीडशे जणांच्या वर्गात हात वर करून ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणण्याचे धैर्यही होत नसे. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान मात्र त्याला दहा वेळा थांबवता येई. तो म्हणाला, “काका, हृदयातला रक्ताचा मार्ग मला वर्गात नाही कळला, रात्री अकरा वाजता व्हिडिओ मागे-पुढे करून कळला.” संकोची, भाषेत अडणाऱ्या, मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला पडद्याने एक सोय करून दिली, हे मान्य केलेच पाहिजे.

पोलंडच्या पाहणीतील विद्यार्थ्यांच्या मते, केवळ ज्ञान मिळवण्याचा विचार केला तर वर्गातील शिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण यांत लक्षणीय फरक नव्हता. शरीरक्रियाशास्त्रातील सिद्धान्त, औषधांचे गुणधर्म, रोगांची कारणे ही सारी माहिती तारेवरून बऱ्यापैकी सुखरूप पोहोचली, असे त्यांचे मत होते.

नावेची बाजू

परंतु त्याच विद्यार्थ्यांनी त्याच पाहणीत सांगितले की, कौशल्ये आणि माणसांशी वागण्या-बोलण्याची क्षमता या दोन बाबतींत ऑनलाइन शिक्षण उणे पडले. ७० टक्के विद्यार्थ्यांनी रुग्णांशी संपर्क नसणे हा सर्वांत मोठा तोटा मानला. तांत्रिक अडचणींचा उल्लेख ५४ टक्क्यांनी केला. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की लक्षात येते, मुलांना इंटरनेट अडखळल्यापेक्षा रुग्ण न भेटल्याचे दुःख अधिक होते.

लिबियासारख्या अशांत देशातही वैद्यकीय विद्यार्थ्यांना विचारले गेले. तेथे निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी पडद्यावर चर्चा होऊ शकते असे म्हटले. पण वैद्यकाचा प्रत्यक्ष रुग्णोपचाराचा भाग असा शिकता येईल, हे मान्य करणारे जेमतेम २१ टक्के निघाले. देश वेगळे, भाषा वेगळ्या, परिस्थिती वेगळी, तरी उत्तरांची दिशा एकच होती.

हाताने शिकणे म्हणजे नेमके काय, हे आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. शवविच्छेदन करताना चामडीखालचा मज्जातंतू दोऱ्यासारखा आणि रक्तवाहिनी नळीसारखी बोटाला लागते. चित्रात दोन्ही केवळ रंगीत रेषा असतात. रुग्णाच्या छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकायचे आणि आवाज पोकळ की भरीव हे ओळखायचे, ही परीक्षा शंभर छात्या ठोकल्यावर कुठे जमू लागते. दंतवैद्यकाच्या सुरुवातीच्या वर्षांत मुले मेणाच्या ठोकळ्यातून दाताचा आकार कोरतात. शिक्षक तो हातात घेऊन फिरवून पाहतात आणि नखाने खूण करून चूक दाखवतात. परिचर्येची विद्यार्थिनी सुई टोचण्याआधी बोटाने शीर चाचपते. ती शीर डोळ्यांना दिसण्यापूर्वी बोटाला समजते. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला नाडी पाहायची, तर दुसऱ्याचे मनगट हवेच.

आमच्या व्यवसायात याला एक दाखला आहे. मालाच्या तारणावर कर्ज देताना व्यापारी दर महिन्याला साठ्याचे विवरणपत्र देत असे. ते टंकलिखित असो वा संगणकावरचे, बेरीज अचूक असे. तरीही नियम असा की, अधिकाऱ्याने गोदामात जाऊन पोती मोजायची, मधूनच एखाद्या पोत्यात सळई खुपसून धान्याचा नमुना तळहातावर घ्यायचा. नवीन अधिकारी ज्येष्ठांबरोबर चार गोदामे हिंडला की वास घेऊन ओल ओळखायला शिके. हे कोणत्याही परिपत्रकातून शिकवता आले नसते. संगणकीकरणाने बँकेतील कितीतरी कामे सोपी केली, गोदामाची पाहणी मात्र उरलीच. विद्यार्थी जे सांगत होते, ते याहून फारसे वेगळे नव्हते.

घराच्या नावावरची नोंद

आता त्या नोंदीकडे येऊ, जिच्यासाठी हा लेख एका कौटुंबिक मासिकात लिहावासा वाटला.

ब्रिटनमधील पाहणीत विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिक्षणातील अडथळे विचारण्यात आले. इंटरनेटची क्षीण जोडणी हा अडथळा २१.५३ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितला. त्याहून वरचा आकडा होता २६.७६ टक्के, आणि तो होता कुटुंबीयांमुळे लक्ष विचलित होण्याचा. सुस्थितीतील देश, बहुधा स्वतंत्र खोल्या असलेली घरे, तरीही यंत्रापेक्षा माणसांची अडचण अधिक!

फिलिपिन्समधील पाहणी याला पुष्टी देते. तेथील ३,६७० वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी ९३ टक्क्यांकडे स्मार्टफोन होता, ८३ टक्क्यांकडे संगणक वा लॅपटॉप होता. साधने होती, परंतु त्या परिस्थितीत ऑनलाइन शिकण्यास आपण शारीरिक व मानसिक दृष्ट्या समर्थ आहोत, असे केवळ ४१ टक्के विद्यार्थ्यांना वाटले. लॅपटॉप घेऊन दिला की शिक्षणाची सोय झाली, असे मानणाऱ्या प्रत्येक पालकाने हे दोन आकडे एकदा शेजारी ठेवून पाहावेत.

येथे हिशेब तपासणाऱ्याच्या नजरेने एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. या पाहण्या इंटरनेटवरील प्रश्नावलीद्वारे झाल्या. ज्याच्याकडे जोडणीच नाही, तो उत्तर देणार कसा? म्हणजे सर्वांत अडचणीत असलेल्यांचा आवाज या टक्केवारीत कमीच उमटला असणार. शिवाय मत म्हणजे मोजमाप नव्हे. ‘मला कौशल्य आले नाही’ असे वाटणारा विद्यार्थी पुढे उत्तम निपजू शकतो आणि ‘सारे आले’ म्हणणारा कच्चाही निघू शकतो. तरीही इतक्या ठिकाणची मुले एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती ऐकली पाहिजे.

आता आपल्या घरांत डोकावून पाहू. दोन खोल्यांत सहा माणसे. आजोबांची दूरदर्शनवरील बातम्यांची वेळ, धाकट्या भावाचा शाळेचा ऑनलाइन वर्ग, वडिलांचे दुकान बंद असल्याने त्यांचे दिवसभर चालणारे फोन. त्यात मुलगी घरी आहे म्हटल्यावर तिला चार कामे सांगणे ओघाने आलेच. आपल्या पुष्कळ घरांत संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते. दुपारी चारनंतरची व्याख्याने आणि स्वयंपाकघरातील घाई यांची वेळ नेमकी एकच. परिचर्येच्या अभ्यासक्रमातील आमच्या ओळखीची एक मुलगी सांगत होती, “एका कानात औषधांच्या मात्रा आणि दुसऱ्या कानात ‘कणीक मळून ठेव’.” तिच्या आईचा यात काही दुष्टावा नव्हता. मुलगी महाविद्यालयात असती, तर आईने तिला हाक मारलीच नसती. पडद्यासमोर बसलेली मुलगी ‘महाविद्यालयात’ आहे, हे घराच्या अंगवळणी पडले नव्हते इतकेच.

आरोग्यविद्येच्या विद्यार्थ्यांची आणखी एक अडचण सहसा कोणी उघड बोलत नाही. प्रसूतिशास्त्राचे व्याख्यान, प्रजनन-संस्थेच्या आकृत्या, त्वचारोगांची छायाचित्रे हे सारे बैठकीच्या खोलीत, आजी-आजोबांच्या आणि लहान भावंडांच्या देखत कसे पाहायचे? वर्गात जे सहज शास्त्र असते, ते घरात संकोचाचे कारण बनते. काही मुली पडद्याची चमक कमी करून, भिंतीकडे पाठ करून बसत. काही जणी ते व्याख्यान रात्री सर्वजण निजल्यावर पाहत. शिक्षकाला प्रश्न विचारायचा तर तो मोठ्याने उच्चारावा लागे, म्हणून तो विचारलाच जात नसे. असे कितीतरी न विचारलेले प्रश्न कोणत्याही पाहणीत मोजले गेलेले नाहीत.

तूट कशी भरून निघाली

मग सुरुवातीच्या शंकेचे काय? ज्यांचा हात मागे पडला, ते तसेच पुढे गेले का?

सुदैवाने व्यवस्थेलाही ही तूट दिसत होती. सप्टेंबर २०२० मध्ये भारतीय वैद्यक परिषदेची जागा घेणाऱ्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वैद्यकीय महाविद्यालये १ डिसेंबरपर्यंत सुरू करावीत, अशी भूमिका घेतली. प्रत्यक्ष प्रशिक्षणाला फार काळ खंड पडणे परवडणारे नव्हते. पुढे दुसरी लाट आली आणि अनेक ठिकाणी व्याख्याने पुन्हा पडद्यावर गेली. पण त्याच लाटेने वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना थेट कामाला जुंपले. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने एमबीबीएसच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांच्या देखरेखीखाली, दूरस्थ सल्ला देणे आणि सौम्य लक्षणांच्या रुग्णांवर लक्ष ठेवणे या कामांत सहभागी करून घेण्यास मुभा दिली. परिचर्येची पात्रता मिळवलेल्या मुला-मुलींनाही वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली कोविड वॉर्डांत पूर्ण वेळ काम करता येईल, असे ठरले. वर्षभर ज्यांना रुग्ण भेटला नव्हता, त्यांच्यातील अनेकांना एकाच महिन्यात कित्येक वर्षांचे रुग्ण भेटले. हे शिक्षण आदर्श नव्हते, पण त्याला पुस्तकी म्हणता येणार नाही.

परदेशी शिकणाऱ्यांची कथा अधिक कठीण होती. चीनमध्ये शिकणारे सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी, त्यांतील बहुसंख्य वैद्यकाचे, २०२० च्या आरंभापासून मायदेशी अडकले. त्यांत महाराष्ट्रातील मुलेही होती. त्यांच्या आईवडिलांनी कर्जे काढून शुल्क भरले होते. वर्गच नव्हे, प्रात्यक्षिकेही त्यांनी पडद्यावर पाहिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केवळ ऑनलाइन पद्धतीने केलेला वैद्यकीय अभ्यासक्रम मान्य होणार नाही, असे स्पष्ट केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२२ मधील निकालाचा आशय असा की, प्रत्यक्ष प्रशिक्षणाशिवाय डॉक्टर घडू शकत नाही. मात्र विद्यार्थ्यांची कारकीर्दही वाया जाऊ नये, म्हणून आयोगाने दोन महिन्यांत मार्ग काढावा. त्यानुसार जुलै २०२२ मध्ये योजना आली. अंतिम वर्षात असताना परतलेल्या आणि ३० जून २०२२ पर्यंत पदवी पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना परदेशी पदवीधरांसाठीची परीक्षा देता येईल. पण उत्तीर्ण झाल्यावर नेहमीच्या एका वर्षाऐवजी दोन वर्षांची आंतरवासिता करावी लागेल, असे ठरले.

दोन वर्षे! तिशीकडे झुकलेल्या आणि डोक्यावर कर्ज असलेल्या मुलाला एक वर्ष अधिक म्हणजे काय, हे कर्जदारांचे हप्ते पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. तरीही या निर्णयाकडे पाहताना एक गोष्ट लक्षात येते. विद्यार्थ्यांनी पाहण्यांमध्ये २०२० सालीच जे सांगितले होते, तेच नियामक संस्थेने आणि न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केले. रुग्णाविना झालेले शिक्षण रुग्णाजवळच भरून काढावे लागते.

म्हणून कोविडच्या काळात शिकलेल्या डॉक्टरकडे किंवा परिचारिकेकडे संशयाने पाहण्याचे कारण मला दिसत नाही. आपल्याला काय येत नाही, हे त्या पिढीने पदवी मिळण्यापूर्वीच ओळखले होते. स्वतःची तूट ओळखणाऱ्या माणसाच्या हाती आपण अधिक सुरक्षित असतो. तुमच्या घरात अशी तरुण मंडळी असतील, तर थट्टा करण्याऐवजी त्यांना एकदा निवांत विचारा, “तेव्हा तुझे काय राहून गेले होते आणि ते कुठे भरून काढलेस?” उत्तर ऐकण्यासारखे असते.

आता आपण काय करावे

महामारी ओसरली, पण पडदा गेलेला नाही. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, ऑनलाइन शिकवण्या, पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांची तयारी हे सारे आता घरातूनच चालते. तेव्हा पुढील गोष्टींचा विचार व्हावा.

घरात स्वतंत्र खोली नसेल, तरी एक कोपरा आणि त्या कोपऱ्याची ठरलेली वेळ देता येते. त्या वेळेत मूल ‘बाहेर गेलेले आहे’ असे घरातील सर्वांनी समजावे. हा नियम मुलासाठी जितका, तितकाच मुलीसाठी असावा. संध्याकाळच्या स्वयंपाकाला हात कमी पडत असतील, तर ते हात घरातील पुरुषांचेही असू शकतात.

आरोग्यविद्या शिकणाऱ्या मुलाच्या वा मुलीच्या पडद्यावर काय दिसते, याविषयी ज्येष्ठांनी संकोच बाळगू नये. जी मुलगी घरात शरीराच्या अवयवाचे नाव उच्चारायला कचरते, तिला उद्या खेड्यातील एखाद्या लाजऱ्या रुग्ण स्त्रीला बोलते करायचे आहे.

समाजातील शिष्यवृत्ती निधींच्या विश्वस्तांना एक विनंती. आपण शुल्क देतो, लॅपटॉप देतो. त्याबरोबर अभ्यासिकेसाठीही तरतूद करावी. गावातील सभागृह कार्यक्रमांचे दिवस वगळता बहुधा कुलूपबंद असते. तेथे चार टेबले, वीज, इंटरनेट आणि शांतता एवढी सोय झाली, तर दोन खोल्यांच्या घरातील मुलीला रात्री सर्वजण निजण्याची वाट पाहावी लागणार नाही. याचा खर्च एका लॅपटॉपहून फार अधिक नाही, आणि त्याचा उपयोग दरवर्षी नव्या मुलांना होत राहील.